फिरते कडे आणि काळाचे शून्य

घड्याळाकडे पाहताना माणसाच्या मनात दोन निरनिराळे प्रश्न असतात. किती वाजले, हा एक. किती वेळ झाला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भिंतीवरचे, मनगटावरचे, मोबाईलवरचे कोणतेही घड्याळ देते. दुसऱ्याचे उत्तर साधे घड्याळ देत नाही. ते आपणांस मनातल्या मनात वजाबाकी करून काढावे लागते, आणि ही वजाबाकी वाटते तेवढी सोपी नसते. १० वाजून ४७ मिनिटांनी सुरू झालेला तास ११ वाजून २२ मिनिटांनी संपला, तर तो किती मिनिटांचा झाला, असे आठवीच्या वर्गात विचारून पाहावे. चार-सहा वह्यांत तरी ‘७५ मिनिटे’ असे उत्तर सापडते. मुलांनी ११२२ मधून १०४७ वजा केलेले असतात. वजाबाकी बरोबर असते. तास शंभराचा नसून साठाचा आहे, एवढेच घाईत निसटलेले असते. खरे उत्तर ३५ मिनिटे.

ही घाईत निसटणारी वजाबाकी घड्याळाकडूनच करून घ्यावी, हा काही मनगटी घड्याळांच्या काचेभोवती बसविलेल्या फिरत्या कड्याचा मूळ हेतू आहे. स्नेहमेळाव्यास येणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी, विशेषतः सैन्यात किंवा आखाती देशांत नोकरीस असलेल्यांच्या मनगटावर असे घड्याळ अनेकदा दिसते. वसतिगृहातील लहान मुले ते कडे कट्‌कट् आवाज करीत फिरवून पाहतात आणि हे कशासाठी, असे विचारतात. पुष्कळदा घड्याळाच्या मालकालाही त्याचे उत्तर ठाऊक नसते. शोभेसाठी असते, असे सांगून तो मोकळा होतो. इतिहासाच्या शिक्षकाने या विषयात का पडावे, असे कोणास वाटेल. परंतु काळ कसा मोजला गेला आणि तो कोणी मोजला, हा इतिहासाचाच प्रश्न आहे, आणि हे छोटेसे कडे त्या प्रश्नाच्या अगदी जवळ नेऊन सोडते.

प्रथम रचना पाहू. घड्याळाची काच जागेवर धरून ठेवणाऱ्या धातूच्या कड्यास बेझल म्हणतात. बहुतेक घड्याळांत ते पक्के बसविलेले असते व त्याचे काम काच धरून ठेवण्यापुरतेच असते. काही घड्याळांत मात्र या जागी बाहेरून फिरविता येणारे कडे बसवितात, त्यावर साठ मिनिटांच्या खुणा कोरतात, आणि शून्याच्या जागी एक लहान त्रिकोण करून त्यात अंधारात चमकणारा ठिपका भरतात. वापर अगदी सोपा आहे. काम सुरू करताना तो त्रिकोण मिनिटकाट्याच्या टोकासमोर आणून ठेवावा. त्यानंतर केव्हाही पाहिले तरी मिनिटकाटा कड्यावरील ज्या आकड्यासमोर असेल तेवढी मिनिटे झाली. तबकडीवर ११ वाजून २२ मिनिटे झालेली असतात आणि कड्यावर ३५ दिसतात. एकच काटा दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. मर्यादा एवढीच की साठ मिनिटे झाली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. किती तास लोटले हे आपले आपणच लक्षात ठेवावे लागते.

थोडक्यात, तबकडीवरचे शून्य हे सर्वांचे असते आणि कड्यावरचे शून्य घड्याळ घालणाऱ्याचे असते. ते कोठे धरायचे, हे त्याने ठरवावयाचे.

किती वेळ झाला, हा प्रश्न मनगटी घड्याळाहून फार जुना आहे. आपल्याकडील घटिकापात्र त्याचेच उत्तर देत असे. तळाशी बारीक छिद्र पाडलेले तांब्याचे वाटीसारखे भांडे पाण्यावर सोडावयाचे. छिद्रातून पाणी आत शिरून ते २४ मिनिटांत बुडे. ती एक घटका. अशा साठ घटकांचा एक अहोरात्र होई. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार त्या भांड्यातून आलेला आहे. घटिकापात्राला किती वाजले हे कळत नव्हते. कोणीतरी ते पाण्यावर सोडल्यापासून किती काळ गेला, एवढेच ते सांगे. म्हणून भांडे पाण्यावर कोणी सोडावे, बुडाल्यावर कोणी मोजावे आणि मोजलेला काळ कोणी जाहीर करावा, याला त्या व्यवस्थेत मोठे महत्त्व होते. ते काम कोणाकडे होते आणि कोणाकडे कधीच जाऊ शकत नव्हते, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही.

फिरत्या कड्याची खरी कसोटी लागली ती समुद्राच्या पाण्याखाली. पाणबुडा पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जातो तेव्हा वरच्या पाण्याच्या दाबाने श्वासातील नायट्रोजन वायू त्याच्या रक्तात व शरीराच्या पेशींत विरघळू लागतो. जितका खोल आणि जितका अधिक वेळ, तितका वायू अधिक. अशा स्थितीत तो घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडताच बुडबुडे उसळावेत तसा हा वायू शरीरातच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सांध्यांत असह्य वेदना होतात, पक्षाघात होऊ शकतो, मृत्यूही येऊ शकतो. कोणत्या खोलीवर किती वेळ राहावे व वर येताना कोठे किती थांबावे, याचे शास्त्रशुद्ध तक्ते जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ साली प्रसिद्ध केले. पुढे निरनिराळ्या नौदलांनी आपापले तक्ते तयार केले. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यानुसार ६० फूट खोलीवर ६० मिनिटांपर्यंत राहून वाटेत न थांबता वर येता येई. १०० फुटांवर ही मर्यादा २५ मिनिटांवर आली आणि १३० फुटांवर अवघ्या १० मिनिटांवर. म्हणजे खाली गेलेल्या माणसाच्या दृष्टीने बाहेर किती वाजले आहेत याला काहीच अर्थ उरत नाही. पाण्यात शिरल्यापासून किती मिनिटे झाली, एवढेच त्याच्या जिवाशी निगडित असते. शिवाय अधिक खोलीवर त्याच नायट्रोजनमुळे नशा चढल्यासारखी बुद्धी मंद होते. वर्गात शांतपणे बसून वजाबाकी चुकते, तर तेथे काय होईल?

म्हणून १९५३ साली स्वित्झर्लंडमधील ब्लाँपां कंपनीने फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी फिरत्या कड्याचे घड्याळ तयार केले. कंपनीचे प्रमुख फिश्टर हे स्वतः पाणबुडे होते. घड्याळाचे नाव ‘फिफ्टी फॅदम्स’, म्हणजे पन्नास वाव. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव ज्या मापाला वाव म्हणतात, तेच सुमारे सहा फुटांचे माप. पन्नास वाव म्हणजे ३०० फूट. त्याच सुमारास रोलेक्स कंपनीचे ‘सबमरिनर’ आले. आज जी घड्याळे सर्वत्र दिसतात त्यांचे रूप या दोन घड्याळांवरून आलेले आहे.

यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना मात्र डोळ्यांना दिसत नाही; ती बोटांना जाणवते. पाणबुड्याच्या घड्याळाचे कडे फक्त डावीकडे, म्हणजे काटे फिरतात त्याच्या उलट दिशेनेच फिरते. ही योजना पहिल्या दिवसापासून नव्हती. आधीच्या घड्याळांत कडे दोन्हीकडे फिरे, किंवा ते चुकून हलू नये म्हणून दाबल्यावरच फिरेल अशी सोय असे. एकाच दिशेने फिरणारे कडे नंतर रूढ झाले. त्यामागील कारण मुलांना उदाहरणाने चटकन समजते. समजा, पाणबुडा १० वाजून १० मिनिटांनी पाण्यात उतरला व त्याने त्रिकोण दहाव्या मिनिटाच्या खुणेवर ठेवला. १० वाजून ३० मिनिटांनी कडे २० दाखवील. मध्येच ते खडकाला घासून पाच मिनिटांनी डावीकडे सरकले, तर त्रिकोण पाचव्या मिनिटावर जाईल व कडे २५ दाखवील. पाणबुड्याला वाटेल, आपल्याला अधिक वेळ झाला, आणि तो पाच मिनिटे आधी वर येईल. नुकसान पाच मिनिटांचे. आता ते उजवीकडे सरकू शकत असते तर? त्रिकोण पंधराव्या मिनिटावर गेला असता, कड्याने १५ दाखविले असते, आणि तो माणूस निश्चिंत मनाने पाच मिनिटे अधिक खाली राहिला असता. जेथे मर्यादाच दहा मिनिटांची आहे तेथे पाच मिनिटांची चूक म्हणजे काय, ते सांगावयास नको. यंत्र चुकणार हे गृहीत धरून, ते चुकलेच तर माणसाच्या बाजूने चुकावे, अशी ही रचना आहे. मला स्वतःला या साऱ्या विषयात ही एक गोष्ट सर्वांत अधिक आवडते. किती यंत्रे व किती नियम असा विचार करून घडविलेले असतात?

हल्ली पाणबुडे मनगटावर संगणक बांधतात आणि तो खोली, वेळ, वायू या सर्वांचा हिशेब करतो. सहलीला मालवण-तारकर्लीस गेलेल्या आपल्या मुलांनी पाण्याखाली उतरविणाऱ्या प्रशिक्षकांच्या हातावर तो पाहिला असेल. कडे असलेले घड्याळ आता बहुधा सोबतीला, संगणक बंद पडलाच तर असावे म्हणून, वापरले जाते.

समुद्राच्या आधी हा प्रश्न आकाशात आला होता. विमान समुद्रावरून जात असताना आपण कोठे आहोत हे सूर्य-ताऱ्यांवरून काढावे लागे व त्यासाठी घड्याळ सेकंदापर्यंत बिनचूक लागे. पृथ्वी चार सेकंदांत विषुववृत्तावर एक सागरी मैल फिरते. घड्याळ अर्धा मिनिट चुकले की विमानाचा ठावठिकाणा सुमारे १४ किलोमीटरांनी चुकतो. रेडिओवर वेळेचा इशारा मिळे, पण त्या काळच्या घड्याळाचा सेकंदकाटा त्या इशाऱ्याशी नेमका जुळविणे कठीण जाई. अमेरिकी नौदलातील फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स यांनी १९२० च्या दशकाअखेर युक्ती काढली: काटा हलवू नये, काट्याखालची सेकंदांची तबकडीच फिरवावी. लाँजीन कंपनीने तशी घड्याळे केली आणि पुढे हेच काम बाहेरील कडे करू लागले. काटा चालत राहतो, शून्य सरकते.

१९५० च्या दशकाच्या मध्यास पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने आणखी एक प्रकार आणला. यात २४ तासांत एक फेरी करणारा जादा काटा असतो आणि कड्यावर साठ मिनिटांऐवजी २४ तास कोरलेले असतात. कडे फिरविले की एकाच घड्याळात दोन देशांची वेळ दिसते. आखातात काम करणाऱ्या आपल्या मुलांस हे उपयोगी पडावे. पण येथे एक अडचण आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, सौदी अरेबिया अडीच तास. जगातील बहुसंख्य देशांच्या वेळांत पूर्ण तासांचा फरक असतो. आपला प्रमाणवेळ ग्रीनिचपेक्षा साडेपाच तासांनी पुढे असल्यामुळे आपला अर्धा तास नेहमी उरतो. ज्या घड्याळाचे कडे तासातासालाच खटक्याने थांबते, त्यावर भारतीय माणसाची दुसरी वेळ कधीच बरोबर बसत नाही. अर्ध्या तासावर थांबणारे कडे पाहूनच असे घड्याळ घ्यावे.

हा अर्धा तास आला कोठून, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर ठरे. आपले सोलापूर साधारण ७५.९ पूर्व रेखांशावर आहे. त्या हिशेबाने सोलापूरची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या सुमारे ५ तास ४ मिनिटे पुढे येते. रेल्वे आपल्या गावात १८६० मध्ये पोहोचली. पुढे भारतीय रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर चालू लागल्या, आणि ती वेळ सोलापूरच्या सूर्यापेक्षा सुमारे १७ मिनिटे पुढे होती. स्टेशनात एक वेळ आणि गावात दुसरी. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ रेखांशाची प्रमाणवेळ देशभर सुरू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे गिरणीची वेळ कागदोपत्री तीच ठेवून नवी प्रमाणवेळ लावली, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी दारात उभे राहावे लागणार होते. त्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी या बदलास विरोध केला. शहराच्या महापालिकेनेही मुंबई वेळ सोडली नाही, ती थेट १९५५ पर्यंत. जवळजवळ पन्नास वर्षे एका शहरात दोन वेळा नांदल्या. कड्याचे घड्याळ असलेल्या मुंबईकराने त्रिकोण ३९ व्या मिनिटावर ठेवला असता तर तबकडीवर प्रमाणवेळेची आणि कड्यावर मुंबई वेळेची मिनिटे त्याला एकाच नजरेत दिसली असती. आपल्या शाळेच्या पटांगणात काठी रोवून सोलापूरची मध्यान्ह पाहावयाची असेल, तर त्रिकोण २६ वर ठेवावा. आपला सूर्य सरासरीने १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास माथ्यावरून जातो. ऋतूप्रमाणे त्यात पाव तासापर्यंत मागेपुढे होते, हे मुलांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर ती काठीला दोष देतात.

काही कड्यांवर दिशा कोरलेल्या असतात. तासकाटा सूर्याकडे करावा, तासकाटा व बाराचा आकडा यांच्या मधोमध दक्षिण दिशा येते, त्यावर कड्याची दक्षिण जुळवावी, असे पुस्तकांत सांगितलेले असते. हा नियम युरोपात केलेला आहे व तेथे तो चालतो. सोलापूर १७.७ अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपली सावली दुपारी पायाखाली नाहीशी होते आणि तेव्हापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेकडे असतो. त्या काळात हे कडे खुशाल उत्तरेला दक्षिण म्हणते. इतर महिन्यांतही सूर्य उंच असला की ते पुष्कळ चुकते. कोणत्याही उपकरणात ते जेथे घडले तेथील आकाश गृहीत धरलेले असते. ते तपासून घेतल्यावाचून आपल्या अंगणात आणू नये.

महाराष्ट्राशी जुना संबंध असलेले एक कडे मात्र निराळ्या कामाचे होते. फाव्र-लुबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत व्यवसाय करीत होती, आणि तिची साधी, किल्लीची घड्याळे आपल्याकडील अनेक घरांत लग्नात मिळालेली भेट म्हणून जपून ठेवलेली आढळतात. या कंपनीने १९६२ साली ‘बिव्हॉक’ नावाचे गिर्यारोहकांचे घड्याळ काढले. त्यात हवेचा दाब मोजणारी बारीक डबी होती. उंच जावे तसा हवेचा दाब कमी होतो व त्यावरून उंची कळते. पण दाब हवामानानेही बदलतो. म्हणून ज्या ठिकाणची उंची ठाऊक आहे अशा पायथ्याच्या जागी उभे राहून, कड्यावरील तेवढी उंची काट्यासमोर आणून ठेवावयाची. मग चढताना काटा आपोआप उंची दाखवी. येथेही तीच कल्पना: मोजणी कोठून धरावी, हे माणसाने कडे फिरवून यंत्रास सांगावे.

ब्राइटलिंग कंपनीच्या १९५२ च्या ‘नॅव्हिटायमर’मधील कड्यावर गुणाकार-भागाकार करता येत असे, वैमानिक त्यावर इंधनाचा हिशेब मांडीत. खिशात मोबाईल आल्यापासून त्याचे कौतुकच तेवढे उरले आहे. मोटारशर्यतीच्या घड्याळांवर ताशी वेग दाखविणारे आकडे असतात, पण ते कडे बहुधा फिरत नाही. त्यामागचे गणित मात्र घड्याळावाचूनही उपयोगी आहे: पुण्याच्या रस्त्यावर एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत एस.टी.ला ४५ सेकंद लागले, तर ३६०० ला ४५ ने भागावे, ताशी वेग ८०.

आता इतिहासाच्या ज्या प्रश्नाकडे मला यावयाचे होते त्याकडे वळतो. पाणबुडा आणि वैमानिक यांना आपले शून्य आपण धरता आले. ज्यांच्या अंगमेहनतीचे तास विकले जात होते, त्यांना ते किती काळ धरता आले नाही?

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी, आपण जिला जुनी मिल म्हणतो, ती १८७७ मध्ये सुरू झाली. भोंगा झाला की गाव उठे. भोंग्यावर घरातली घड्याळे लावीत, आणि ज्यांच्या घरी घड्याळ नसे त्यांचे घड्याळ तर भोंगाच असे. वेळ सांगणारा आणि वेळ विकत घेणारा एकच, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात काय होऊ शकते, याचा दाखला इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांच्या इतिहासात आहे. डंडी येथील एका गिरणीतल्या मुलाचे म्हणून १८५० मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मवृत्त सांगते की, तेथील गिरण्यांतील घड्याळे सकाळी पुढे व संध्याकाळी मागे केली जात. कामगार स्वतःचे घड्याळ जवळ बाळगावयास भीत. कारण वेळेची अशी माहिती असणे हे नोकरी जाण्यास कारण होई.

मुंबईत १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी ज्या मागण्या केल्या, त्यांतील एक या दृष्टीने फार बोलकी आहे. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्तास संपावे. आरंभ घड्याळाचा आणि शेवट सूर्याचा! आरंभ घड्याळावर बांधून घेतला, तो भल्या पहाटे कामावर ओढले जाऊ नये म्हणून. आणि सूर्यास्त तर कोणालाही घड्याळावाचून दिसतो, तो मागेपुढे करता येत नाही. दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आणि रविवारची विश्रांती याही त्याच मागण्यांत होत्या. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. सूर्यास्ताचे मात्र फार दिवस चालले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि रात्र पडली तरी साचे चालू राहू लागले. त्यानंतर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याचे तास ६० झाले, १९३४ मध्ये ५४. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ चा दुरुस्ती कायदा आला व आठवडा ४८ तासांचा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्यात आणखी एक बारीक गोष्ट होती, ती पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. दिवसाचे काम नऊ तासांहून अधिक नसावे, एवढेच म्हणून तो कायदा थांबत नसे. मधल्या सुट्ट्या धरून कामाचा एकूण पसारा साडेदहा तासांबाहेर जाऊ नये, असेही तो सांगत असे. कारण मध्ये तीन-चार तास नुसते अडकवून ठेवले तरी कामाचे तास नऊच भरतात. यंत्र चालले तेवढाच वेळ मोजावा की माणूस घराबाहेर अडकला तो सगळा, हा प्रश्न शून्य कोठे धरावे याचाच आहे.

गिरण्या गेल्या, भोंगा गेला. पण सोलापुरात अजून हजारो घरांत विड्या वळल्या जातात, बहुतेक स्त्रियांकडून, आणि मजुरी हजार विड्यांवर मिळते. तेथे तास कोणी मोजतच नाही. म्हणून वर्गात हा पाठ झाला की मी मुलांकडून पुठ्ठ्याचे कडे करवून घेतो. टेबलावर ठेवण्याच्या गोल घड्याळाहून किंचित मोठे वर्तुळ आतून कापावयाचे, कोनमापकाने दर ६ अंशांवर एक अशा साठ खुणा करावयाच्या, शून्याच्या जागी लाल त्रिकोण. घड्याळ आडवे ठेवून कडे त्याभोवती बसवावे. उलट क्रमाने आकडे घातलेले दुसरे कडे केले, तर ते किती वेळ उरला हे दाखविते. अभ्यासिकेत आणि आनापानाच्या वीस मिनिटांस मुले तेच पसंत करतात. खुणा शाईने कराव्यात, पेन्सिलीच्या आठवड्यात पुसट होतात.

दिवाळीच्या सुट्टीत ही कडी घरी जातात. ज्यांच्या घरी विड्यांचे काम आहे त्या मुलांना मी एवढेच सांगतो की आईने एक बंडल वळेपर्यंत किती मिनिटे झाली ते लिहून आणा, आणि त्रिकोण केव्हा लावला तेही लिहा. बहुतेक जण पहिली विडी हातात घेतली तेव्हा लावतात. गेल्या खेपेस एका मुलीने दोन रकाने करून आणले. पहिल्यात वळण्याची मिनिटे होती. दुसऱ्यात तिने त्रिकोण आदल्या संध्याकाळपासूनच्या कामांना एकेकदा लावून बेरीज केली होती: पान भिजविणे, ते फडक्यात गुंडाळून ठेवणे, सकाळी पत्र्याच्या मापाने कापणे, माल कारखान्यात नेऊन देणे, तेथे रांगेत उभे राहणे. साठ मिनिटांच्या कड्यावर तास मावत नाहीत म्हणून तिने समासात उभ्या रेघा ओढल्या होत्या, एका फेरीला एक. पहिल्या रकान्यातील मजुरी तासाला किती पडते आणि दुसऱ्यातील किती, हा भागाकार त्या दिवशी आम्ही फळ्यावर केला.